मोठ्या अक्षरांचं बटण

"याची प्रिंट काढून देशील का रे?" मुळीक काकांनी विचारलं.

मी हसलो. समोर स्क्रीनवर साठ ओळींची सेटिंगची फाइल होती आणि ती लिहायला मला दोन दिवस लागले होते. तिची प्रिंट मागणारा माणूस मला आयुष्यात प्रथमच भेटत होता.

"काका, ही वाचायची गोष्ट नाही. यंत्रणेची सेटिंग आहे ही. एकदा बसवली की विसरून जायचं."

"यंत्र काय करतंय ते कळाय नको व्हय?" ते म्हणाले आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले. "चल, तोंडी सांग."

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची, कोल्हापुरातली. राजारामपुरीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. माणसं सहा. मालकीण वृंदा हेरवाडकर, त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. मी तेजस वाळिंबे, वय सव्वीस, पुण्यात तीन वर्षं काढून गावी परतलेला. पुण्याहून आलोय हे मी लोकांना विसरू देत नसे. आणि गणपतराव मुळीक, वय चोपन्न. ते सतराव्या वर्षी छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला लागले, पुढे कॉम्प्युटरवर पानं लावायला शिकले, आणि छापखाना बंद पडल्यावर मॅडमनी त्यांना वेबसाइटच्या कामाला आणलं. आमच्याकडच्या प्रत्येक साइटची स्टाइलशीट काकांनी हातानं लिहिलेली होती. पानावरचं अक्षर केवढं, रंग कुठला, दोन ओळींत अंतर किती, हे ज्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं ती स्टाइलशीट. काकांची एकेक फाइल नऊ-दहा हजार ओळींची, आणि जागोजागी त्यांच्या टिपा: "इथं रफार कापतो, अंतर वाढवलंय, हात लावू नये."

मला त्या टिपा वाचून हसू यायचं.

मॅडमनी मला घेतलं होतं ते हे सगळं मोडून नवी पद्धत बसवायला. स्टाइलशीट लहान लहान तुकड्यांत लिहायची, रंग आणि मापं एकदाच ठरवून ठेवायची, आणि मग एक आज्ञा दिली की यंत्रणा सगळे तुकडे जोडून, तपासून, दाबून एकच छोटी फाइल बाहेर काढणार. या बाहेर काढण्याला आम्ही बिल्ड म्हणतो. पहिलं काम म्हणून मॅडमनी गडहिंग्लजकडच्या एका निवासी शाळेची साइट दिली. शाळा दृष्टिमंद मुलांची होती. म्हणजे मुलांना दिसायचं, पण फार थोडं.

काम देताना मॅडमनी दार लोटून घेतलं होतं. "तेजस, काकांना यात बसव. त्यांना जमलं तर उत्तमच. नाही जमलं तर मला त्यांना गिऱ्हाइकांच्या फोनवर बसवावं लागेल. दोन पद्धती चालवणं मला परवडत नाही." मग म्हणाल्या, "मी त्यांनाही हे सांगितलंय. लपवून ठेवलेलं नाही."

म्हणून ते शेजारी येऊन बसले होते.

"ही यादी बघा," मी म्हणालो. "यात चार कामं आहेत. पण यंत्रणा ती खालून वर करते. सगळ्यात शेवटी लिहिलेलं काम आधी."

मला वाटलं आता ते गोंधळणार. नवीन पोरांचे सुद्धा इथे अर्धे दिवस जातात.

"मग त्यात काय," काका म्हणाले. "खिळे पण उलटेच वाचायचे असतात. पुढं?"

ते तीन आठवड्यांत शिकले. हळू शिकले, वहीत लिहून घेत, मला तेच तेच विचारून हैराण करत, पण पक्कं शिकले. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करताना ते एका बोटानं टाइप करायचे आणि एंटर दाबायच्या आधी पूर्ण ओळ पुन्हा वाचायचे. मी दहा वेळा चुकीची आज्ञा देऊन अकराव्यांदा बरोबर द्यायचो. त्यांची पहिलीच बरोबर यायची.

एकदा दुपारी डबा खाताना ते स्वतःहूनच म्हणाले, "छापखाना बंद झाला तवा मी दोन महिने घरात बसून होतो. कशातच जीव लागंना. अक्षरं एकदा सुटली होती बघ हातातनं. परत सुटाय नकोत." मग भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "फोन काय वाईट न्हाई. पण ते आपलं काम न्हाई."

शाळेच्या साइटवर खरं काम काकांचं होतं. पानाच्या वर एक बटण, दाबलं की अक्षरं मोठी, पुन्हा दाबलं की आणखी मोठी, असे पाच टप्पे. मी म्हटलं होतं, मापाला दीडनं गुणू, झालं. काका म्हणाले, "इंग्रजीला चालंल तुजं. मराठी ओळीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला धडकतोय. ज्याला नीट दिसतंय तो बी अडखळतो. ती पोरं काय करतील?" त्यांनी प्रत्येक टप्प्याचं अंतर वेगळं लावलं. मथळ्याचं वेगळं, यादीचं वेगळं, तक्त्याचं वेगळं. सगळे मिळून सत्तेचाळीस नियम झाले. मी फक्त बटणाचा कोड लिहिला. नियमाच्या नावाचा पहिला भाग एकीकडे, टप्प्याचा आकडा दुसरीकडे, आणि बटण दाबलं की दोन्ही जोडून पूर्ण नाव तयार व्हायचं. चार ओळींत काम झालं म्हणून मी स्वतःवरच खूश होतो.

शाळेत नेटवर्क अगदी यथातथा. मॅडम म्हणाल्या, साइट हलकी पाहिजे. म्हणून दाखवण्याच्या आदल्या दिवशी मी सेटिंगमध्ये एक ओळ वाढवली. बिल्ड करताना यंत्रणेनं साइटची सगळी पानं चाळायची, आणि ज्या नियमांचं नाव कुठेच सापडत नाही ते निरुपयोगी समजून काढून टाकायचे. फाइल जवळजवळ निम्मी झाली. मी टेबलावर हात आपटला.

आमचा नियम होता, बाहेर जाणारं काम दुसऱ्या कुणीतरी बघून मंजुरीच्या चौकटीत तसं लिहायचं. काका तिथे नेहमी छापखान्यातल्यासारखं "पास" असं लिहीत.

"काका, पास करा पटकन. मॅडमना पाठवायचंय."

"बघतो की. जरा प्रिंट..."

"अहो, कालचंच आहे ते! फक्त बारीक झालंय. पान उघडून बघा, सगळं जागेवर आहे."

त्यांनी पान उघडलं. सगळं जागेवर होतं. माझ्याकडे एकदा बघितलं, मी घड्याळाकडे बघत होतो. त्यांनी "पास" लिहिलं.

बुधवारी शाळेच्या मुख्याध्यापिका मगदूम बाई ऑफिसात आल्या. साठीच्या आसपासच्या, जाड भिंगाचा चष्मा, आणि स्क्रीनला नाक लागेल इतक्या जवळून बघायच्या. त्यांनाही शाळेतल्या मुलांसारखंच थोडं दिसायचं. मॅडमनी त्यांना बटण दाखवलं. बाईंनी दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. अक्षरं होती तेवढीच राहिली.

"मी नीट दाबत नाहीये का?" बाईंनी विचारलं.

त्यांचं ते विचारणं मला अजून आठवतं. त्यांना वाटलं, चूक त्यांच्या डोळ्यांची आहे.

"नाही बाई, आमचंच काहीतरी राहिलंय," मॅडम म्हणाल्या. काका दाराशी उभे होते. त्यांचा चेहरा उतरला. आठवड्याभरानं शाळेत येऊन दाखवतो असं ठरलं आणि बाई बसला गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून बटणाचा कोड उलटापालटा केला. माझ्या मशीनवर सगळं ठणठणीत चालत होतं. काका दहा वाजता आले ते दोन गठ्ठे घेऊन. खालच्या झेरॉक्सवाल्याकडून त्यांनी दोन्ही फाइली छापून आणल्या होत्या. एक आम्ही लिहिलेली, दुसरी बिल्डमधून बाहेर पडलेली.

"तू वाच, मी बघतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मूळ कॉपी एकानं मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रूफ धरायचं. एकटा माणूस बघाय बसला की डोळं फसवत्यात. जे असाय पायजे तेच दिसतं. वाच."

मला लाज वाटत होती, पण दुसरा उपाय सुचत नव्हता. मी वाचायला लागलो. "मथळा, रंग निळा, माप चोवीस." काका लाल पेन फिरवत म्हणायचे, "हाय. पुढं." तासभर "हाय, पुढं" चाललं होतं. ऑफिसातली बाकीची मंडळी तोंड दाबून हसत होती.

मग मी मोठ्या अक्षरांचा पहिला नियम वाचला.

काकांचं पेन थांबलं. "न्हाई."

दुसरा वाचला. "न्हाई." तिसरा वाचला. चौथा वाचताना मला कळलं होतं. दोन तुकडे जोडून बनणारं नाव यंत्रणेला कुठल्याच पानावर अख्खं सापडलं नव्हतं. बटण दाबेपर्यंत ते नाव जगात नव्हतंच. तिनं प्रामाणिकपणे ते नियम फालतू ठरवले आणि कापून टाकले. ओळ मी घातली होती, नावं तोडली होती तीही मीच. माझ्या मशीनवर चालत होतं कारण ही काटछाट फक्त शेवटच्या बिल्डमध्ये व्हायची.

मी सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस वाचले. का, ते मला सांगता येणार नाही. थांबलो असतो तर बोलावं लागलं असतं, म्हणून असेल.

"सगळं गेलं," काका म्हणाले. "बिल्डनं कापलं व्हय?"

"हं. असं होतं कधी कधी," मी म्हणालो. "नावांची यादी देऊन ठेवली की कापत नाही. करतो मी."

"कर मग," ते म्हणाले आणि गठ्ठे गोळा केले.

मी अर्ध्या तासात दुरुस्त केलं. एक ओळ घातली होती, तिच्यात दुसरी वाढवली.

शुक्रवारी मॅडमनी सगळ्यांना बसवलं. चिडलेल्या नव्हत्या, थकलेल्या होत्या. "ती बाई एवढ्या लांबून आली आणि आपण तिला बंद बटण दाखवलं. मला फक्त सांगा, हे झालं कसं?"

मी आदल्या दिवसापासून वाक्य तयार करून ठेवलं होतं. पण ते वाक्य लांब होतं, त्यात बरंच तांत्रिक होतं, आणि ते सुरू कुठून करायचं हे ठरवेपर्यंत काका बोलले.

"मॅडम, ते काम पास मी केलंतं. न वाचता केलं. चूक माझी हाय."

"काका, तुम्ही न वाचता?"

"व्हय. छापखान्यात पस्तीस वर्षांत असं केलं न्हाई. शेवटचं प्रूफ ज्यानं पास केलं त्याची जबाबदारी. खिळे जुळवणाऱ्या कंपोझिटरला कोण इचारत न्हाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वहीत बघत होतो. वहीत काहीच नव्हतं. मनात मी म्हणत होतो की ते खरंच तर बोलतायत, त्यांनीच पास केलं होतं, आणि मी आता मध्ये बोललो तर त्यांचा शब्द खाली पडेल. माणूस स्वतःला काय काय पटवू शकतो याची मला तेव्हा कल्पना नव्हती. खरं कारण एवढंच होतं की मी पुण्याहून आलेला हुशार मुलगा होतो आणि मला तसंच राहायचं होतं.

मॅडम म्हणाल्या, "काका, उद्यापासून तुम्ही फोन सांभाळा. शिक्षा म्हणून नाही. नवं काम झेपत नसेल तर त्यात कमीपणा नाही."

"बरं," काका म्हणाले.

शनिवारपासून ते दाराजवळच्या टेबलावर बसायला लागले. त्यांची खुर्ची माझ्या शेजारी रिकामी होती आणि तिच्यावर मी माझी बॅग ठेवायला लागलो. फोनवरही ते तसेच होते, सावकाश आणि पक्के. रोज जाता-येता माझ्याशी बोलायचे, चहा घेतलास का, घरी आई बरी आहे का. रोज मला वाटायचं, आज सांगू. सोमवारी मॅडम बाहेर होत्या. मंगळवारी त्यांचं डोकं दुखत होतं. बुधवारी काही कारण नव्हतं, तरी सांगितलं नाही.

पुढच्या शुक्रवारी मी आणि मॅडम गाडीनं शाळेत गेलो. एका वर्गात संगणक लावला होता, भोवती पंधरा-वीस मुलं दाटीवाटीनं बसलेली. मगदूम बाई खुर्चीवर पुढे वाकून, नाक काचेला लावून बसल्या आणि चाचपत बटणावर आल्या.

दाबलं. अक्षरं मोठी झाली. पुन्हा दाबलं, पुन्हा मोठी. चौथ्या टप्प्यावर बाई थांबल्या. त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि खुर्ची मागे सरकवली. वीतभर, मग आणखी हातभर. पाठ टेकून बसल्या आणि तिथून वाचायला लागल्या. सहलीची सूचना होती, कुणी कुठली वस्तू आणायची त्याची. एकही शब्द न अडखळता त्यांनी ती शेवटपर्यंत वाचली. मागून एका मुलीनं ओरडून सांगितलं, "बाई, मला पण दिसतंय इथनं!"

बाईंनी चष्मा काढून पुसला.

"आम्ही पुस्तकं झेरॉक्सवर मोठी करून देतो मुलांना," त्या म्हणाल्या. "पण अक्षरं मोठी झाली की एकमेकांत घुसतात. रफार, वेलांट्या, सगळा गुंता. मुलं अंदाजानं वाचतात आणि वर्गात हसं होतं त्यांचं. इथे एकही मात्रा कुठे घासलेली नाही. ज्यानं केलंय त्याला अक्षर कळतं. कोणी केलं हे?"

"आमच्या तेजसनं," मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "सगळी नवी यंत्रणा त्यानंच बसवली."

मॅडमना खरंच तसं वाटत होतं. बाईंनी माझ्या दिशेनं हात पुढे केला. त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता, म्हणून हात जरा बाजूला गेला.

तो हात मला घेता येईना.

"मी नाही केलं," मी म्हणालो. "गणपतराव मुळीक म्हणून आहेत आमच्याकडे. हे सगळं अक्षर त्यांनी लावलंय, एकेक माप हातानं. आणि त्या दिवशी तुमचं बटण बंद होतं ते माझ्यामुळे. त्यांनी केलेलं मी कापून टाकलं होतं. चुकून. पण मीच."

वाक्य काही फार लांब नव्हतं.

मॅडमचा हात माझ्या पाठीवरून निघाला. बाई म्हणाल्या, "मग त्यांना आणायचं होतंत की!" त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्या सहज बोलून गेल्या.

परतताना मॅडमच गाडी चालवत होत्या. कागलच्या अलीकडे त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"मीटिंगच्या आदल्या दिवशी."

"म्हणजे मी त्या माणसाला फोनवर बसवलं, तेव्हा तू समोर बसून होतास. माहीत असून."

"हो."

त्यांनी गाडी चालवताना एकदाही मान वळवली नाही. "मी त्यांना झेपत नाही म्हणाले, तेजस. सगळ्यांसमोर." कागल गेल्यावर म्हणाल्या, "काका उद्यापासून त्यांच्या जागेवर बसतील. त्यांची माफी मी मागेन. पण ऑफिसला पोचलो की आधी तू वर जा."

मी जिना चढून गेलो तेव्हा काका फोनवर होते. कुणा साडीच्या दुकानदाराला साइटवर फोटो कसा चढवायचा ते सांगत होते. "घाई न्हाई साहेब, तुम्ही बघा निवांत, मी थांबतो." मी टेबलासमोर उभा राहिलो. त्यांनी मला बसायची खूण केली. मी बसलो नाही. फोटो चढला, दुकानदाराचं समाधान झालं, त्यांनी फोन ठेवला.

"बटण चाललं का बाईंचं?" त्यांनी पहिलं हे विचारलं.

"चाललं. बाई खुर्ची मागे सरकवून वाचत होत्या, काका. मुलंसुद्धा लांबून वाचत होती."

त्यांनी डोळे मिटले आणि नुसती मान हलवली.

"मी मॅडमना सांगितलं," मी म्हणालो. "बाईंच्या समोरच. की कापलं ते मी. उद्यापासून तुम्ही तुमच्या जागेवर."

"येतो की. अक्षरं माझी हायत."

"तुम्हाला आश्चर्य नाही वाटलं?"

"कशाचं? मला त्याच दिवशी कळलंतं. वाचता वाचता तुजा आवाज बसला. चौथ्या का पाचव्या नियमाला."

मी आता बसलो. "मग मीटिंगमध्ये का नाही बोललात? तुमची जागा गेली माझ्यामुळे. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही सगळं स्वतःवर घेतलंत?"

"कोण म्हणतं तुजं घेतलं?" काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मी न वाचता पास केलंतं, ते माझं. ते मी बोललो आणि खाली बसलो. म्हटलं, आता पोरगं उठंल."

फोन वाजायला लागला. त्यांनी हात पुढे केला, पण उचलायच्या आधी माझ्याकडे बघितलं.

"आठ दिवस वाट बघितली तुजी," ते म्हणाले, आणि त्यांनी फोन उचलला.